खिळ्यावरचे बोटभर तुकडे

४ मार्च

प्रिय वन्सं,

दूध गॅसवर ठेवलं होतं, केर काढून झाला होता, नळाला पाणी यायची वेळ म्हणून मी बादल्या लावत होते. हे पायरीवर बसले होते, पुढ्यात कॉम्प्युटर जोडायच्या केबलचं नवं खोकं. त्यांनी त्यातली बोटभर केबल कापली, वरची राखाडी साल सोलली, आतल्या आठ बारीक तारांपैकी एक ओढली आणि दाढीच्या जुन्या ब्लेडने खरवडली. मग मला हाक मारली. "बघ गं जरा, तुझे डोळे चांगले आहेत."

मी हात पुसत गेले. म्हटलं, "लाल आहे."

"आतपर्यंत?"

"आतपर्यंत."

तेवढ्यात दूध उतू गेलं. हे हसले. म्हणाले, "तुझं दूध गेलं, पण वायर खरी निघाली." मी दिवसभर फुगून होते, गॅस मलाच घासावा लागला म्हणून.

तुम्ही विचारलंत, दादाची सगळ्यात जास्त आठवण कशाने येते. मला वाटलं होतं काहीतरी मोठं आठवेल. पण आठवते ती ही सकाळ. अशा किती सकाळी गेल्या, मोजल्या नाहीत. तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर तारीख आणि कुठल्या कामाला वापरली ते लिहायचं, आणि दारामागच्या खिळ्याला लटकवायचं. बावीस वर्षांचे तुकडे आहेत तिथे. दार उघडलं की हलतात. काढायचा धीर होत नाही.

ते सांगायचे की काही केबल आतून ॲल्युमिनियमची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. लावली की चालते. सहा-आठ महिन्यांनी उन्हाळा आला, की तापून दगा द्यायला लागते. भिंतीत गेलेली वायर कुणाला दिसत नाही, म्हणून ती आधी बघायची.

ह्यांना जाऊन अकरा महिने झाले. दुकान उघडते, बंद करते. दोन कारागीर अजून टिकून आहेत. तुमच्या दवाखान्याचं काम संपलं त्यालाही सहा महिने होतील. नकाशा ह्यांनी काढून ठेवला होता, पण केबल मी निवडली. विक्रेत्यांनी तीन नमुने आणले होते. चष्मा लावून प्रत्येकाच्या सालीवर छापलेलं अक्षर न् अक्षर वाचलं. एकावर स्वच्छ छापलं होतं, शुद्ध तांबं. तीच घेतली. तुम्हाला आठवत असेल, मी ह्या घरात आले तेव्हा मला दुकानाची पाटीही वाचता येत नव्हती. ह्यांनी खोक्यांवरच्या अक्षरांवरून शिकवलं. त्या दिवशी वाटलं, आज ते शिकवणं कामी आलं.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून ते काम मला मिळालं. ते नीट चाललं आहे ना, एवढं कळवा.

तुमची
वहिनी


१२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत नेला. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस, कागदावर मात्र माणूस उभा करतेस. दादा पायरीवर बसलेला दिसला.

आता इथलं. खोटं कशाला बोलू, दवाखान्यात सध्या डोक्याला ताप आहे. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून रक्ताचे रिपोर्ट कॉम्प्युटरवरून वर यायचे असतात, ते मध्येच येत नाहीत. सकाळी सगळं ठीक. दुपारी दोननंतर पडद्यावर नुसतं चक्र गोल गोल फिरत बसतं. परवा एका आजीबाईंचा साखरेचा रिपोर्ट आलाच नाही. त्यांना उद्या या म्हणून घरी पाठवलं, आणि रात्रीतून साखर इतकी वाढली की सकाळी शुद्ध हरपलेल्या आणल्या. वाचल्या, पण कशाबशा. तेव्हापासून मोठे डॉक्टर बोलले की नर्सा भिंतीला चिकटून चालतात.

रिपोर्ट पुढे पाठवायचं काम नोंदकाकांकडे. तुला सांगितलं होतं ना त्यांच्याबद्दल? रेकॉर्डच्या खोलीत बसतात. कॉम्प्युटर आला तरी सगळं वहीत पुन्हा लिहितात, म्हणून हे नाव. शिंक आली तरी वेळ लिहून ठेवतील. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. सगळ्यांचं म्हणणं, म्हाताऱ्याला बटणं दाबता येत नाहीत. ते म्हणतात, मी पाठवलं होतं, वहीत वेळ आहे बघा. वही कोण बघतंय?

कुणीतरी म्हणालं, वायरिंगमध्ये दोष असेल. मी तिथल्या तिथे सांगितलं, नकाशा माझ्या दादाचा आणि काम माझ्या वहिनीचं, त्यात खोट निघायची नाही. तो विषय तिथेच मिटला.

तू दुकानातली म्हणून विचारते, असं का होत असेल?

तुझी
नणंद


२१ मार्च

प्रिय वन्सं,

उत्तराला उशीर झाला. कारागिरांना दुसरीकडे काम होतं आणि दुकानात मी एकटीच होते.

दुपारी बंद पडतं म्हणालात. कारणं बरीच असतात. टोकाचा प्लग सैल असतो, उंदीर लागतात, वायरी एकत्र येतात त्या मधल्या डब्यात धूळ साठते. काम झालं तेव्हा टेस्टर लावून पाहिलं होतं, प्रत्येक जोडणीला आठही दिवे लागले होते. थोरला कारागीर साक्षी आहे. उरलेली केबल माळ्यावर आहे, तीही एकदा काढून बघेन म्हणते, अजून जमलं नाही.

आणखी एक. वयस्कर माणसं टेबलाखाली पाय लांब करून बसतात. पाय सारखा वायरीला लागला की प्लगपाशी ती ढिली होते. तुमच्या नोंदकाकांचं तसं होत असेल. बघायला हवं.

आजीबाई आता कशा आहेत? ते कळवा.

इकडे सगळं ठीक. वाचनालयातून पुस्तक आणलं होतं, चार पानं झाली आणि परत केलं.

तुमची
वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू म्हणजे खरंच गुरूची शिष्या. तुझं पायाचं वाक्य मी मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. म्हटलं, ज्यांनी काम केलं त्यांचंच हे पत्र. त्यांनी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन टेबलाखाली बघितलं. वायर खरंच काकांच्या पायाशी होती. आता टेबलाखाली वायर कुणाच्याही पायाशीच असणार, पण डॉक्टरांना ते पटलं.

काकांना लेखी ताकीद मिळाली आणि तिथून उठवून टोकनच्या खिडकीत बसवलं. बाहेरच्या व्हरांड्यात, पत्र्याखाली. दुपारी तिथे पापड भाजता येतील एवढं तापतं. अठ्ठावीस तारखेला समितीची बैठक आहे, त्यात त्यांना ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरेल. आजीबाईंचा मुलगा तक्रार घेऊन बसलाय, कुणावर तरी बोट ठेवायला हवंच आहे. त्या आता घरी गेल्या, हिंडतात-फिरतात.

काकांनी भांडण केलं नाही. वही काखेत मारली, चष्म्याचं घर घेतलं आणि उठले. दारात मला एवढंच विचारलं, "सिस्टर, तुमच्या वहिनींनी मला कधी पाहिलंय का हो?"

मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरं."

त्या "बरं"ने मला जरा कसंसंच झालं. पण मी काय करणार? काल दुपारी पुन्हा सगळं बंद पडलं. काकांनी वायर आधीच ढिली करून ठेवली असणार, दुसरं काय. तुझे कारागीर येऊन टोकं घट्ट करून गेले तर बरं होईल.

तुझी
नणंद


१४ एप्रिल

वहिनी, पत्र नाही, फोनही उचलत नाहीस. शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, दुकान उघडं असतं, पण तू गिऱ्हाइकाकडे बघत नाहीस. तब्येत बरी आहे ना? कार्डावर दोन ओळी तरी टाक.


१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

तब्येत बरी आहे. लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नाही.

माळ्यावरची केबल अजून काढली नाही असं मी तुम्हाला लिहिलं, ते खोटं होतं. दुपारी बंद पडतं असं लिहिलेलं तुमचं पत्र आलं त्याच दिवशी काढली होती. ब्लेड शोधलं नाही, कात्रीच्या टोकाने खरवडली. दोनदा ओढली आणि लाल रंग निघून गेला. आत पांढरी होती. दुसरी तार बघितली, तिसरी बघितली. आठही बघितल्या. मग दार लावून खाली बसले.

टेस्टरचे आठ दिवे खरे होते. पण तार जोडलेली आहे एवढंच ते सांगतात, तार कशाची आहे ते सांगत नाहीत. हे मला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून लिहिलं.

केबल निवडली तेव्हा मी तुकडा कापला नाही. ह्यांचं ब्लेड दाढीच्या डब्यात होतं आणि ते गेल्यापासून तो डबा मी उघडला नव्हता. खरं सांगायचं तर एवढंच नाही. खरवडून "लाल आहे" म्हणायचं ते कुणाला, हेही होतं. पण ह्याच्या आड मी लपणार नाही. कात्री होती, सुरी होती, थोरला कारागीर समोर उभा होता. मला वाचता येत होतं, म्हणून मी खरवडलं नाही. छापलेलं वाचलं आणि मला पुरे वाटलं. तिशी उलटल्यावर जिला अक्षर आलं, तिला छापलेलं खोटं असेल असं मनातच येत नाही. कारागीर खोकी उचलताना म्हणाला होता, "बाई, आज कंबर कुरकुरली नाही, माल हलका दिसतोय." आम्ही दोघं हसलो. ह्यांनी ते ऐकलं असतं तर खोकं तिथेच खाली ठेवायला लावलं असतं. तांबं जड असतं.

इथवरची चूक झाली. पुढची मी केली.

पायाचं वाक्य लिहिलं तेव्हा पांढरी तार माझ्या टेबलावर होती. तुमच्या काकांचा पाय लांब असतो की आखूड, मला काय माहीत? मला एवढंच हवं होतं की तुम्ही वायरीकडे बघू नये. एक माणूस दिसला, म्हातारा, लांबचा, कधी न पाहिलेला, त्याच्यावर ढकललं. मला वाटलं, तुम्ही वाचाल आणि पत्र ठेवून द्याल. तुम्ही ते डॉक्टरांना वाचून दाखवलंत. तुमचा त्यात दोष नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

त्यांनी विचारलं, वहिनींनी मला पाहिलंय का. ते वाचल्यापासून दुकानात कुणी वर बघून काही मागितलं की मी खाली बघते.

आणि त्या आजीबाई. मला त्यांचं नाव माहीत नाही.

हे पत्र डॉक्टरांना दाखवा. आधीचं दाखवलंत तसंच हेही वाचून दाखवा. सगळी केबल मी बदलून देईन.

तुमची
वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचल्यावर मी ड्रेसिंगच्या खोलीतून शस्त्रक्रियेचं पातं घेतलं आणि माझ्याच टेबलाखालच्या वायरीचं टोक खरवडलं. पांढरं आहे.

मला तुझा इतका राग आलाय की दोन कागद फाडले, हा तिसरा. वायरीसाठी नाही. विक्रेत्याने तुला फसवलं, कुणालाही फसवलं असतं. पण तू मला त्या माणसासमोर उभं केलंस, आणि मी आपली ऐटीत उभी राहिले.

तरी माझं ऐक. पत्र मी डॉक्टरांना दाखवणार नाही. तू असं म्हणशील की चूक माझी. पण नकाशावर दादाची सही आहे, तुझ्या दुकानाच्या पाटीवर दादाचं नाव आहे. लोक म्हणतील, तोही असलीच वायर लावत असणार. बावीस वर्षांची कामं तपासायला काढतील. माझा शब्दही जाईल, तो एक वेळ जाऊ दे. पुढच्या महिन्यात रंगकामासाठी चार दिवस दवाखाना बंद आहे. तेव्हा कारागीर पाठव, गुपचूप बदलून घेऊ. नोंदकाकांना घरी पाठवलं तरी निवृत्तिवेतन थोडं कमी होईल, बाकी तसे ते थकलेच आहेत.

हे शेवटचं वाक्य लिहून मी खोडणार होते. राहू देते. मीही तुझ्यासारखीच निघाले.

अठ्ठावीसला मी सुट्टी टाकली आहे. मला ते बघवणार नाही. तू काय करायचं ते ठरव, पण मला विचारू नकोस.

तुझी
नणंद


३० एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र सव्वीसला मिळालं. दोनदा वाचलं. ह्यांच्या नावाचं जे लिहिलंत, ते खरं आहे, मला त्याचीच भीती होती. संध्याकाळी दारामागच्या खिळ्याचे सगळे तुकडे काढले आणि जमिनीवर मांडले. एकेक बघितला. सगळे लाल निघाले. नुसती दवाखान्याची चिठ्ठी कुठे नव्हती. ह्यांचं नाव राखायचं तर ते तुकडेच राखतील, मी गप्प बसून ते राहायचं नाही. मग दाढीचा डबा उघडला. ब्लेड कागदात गुंडाळलेलं होतं, जरा गंजलेलं. ब्रशचे केस अजून साबणाने चिकटलेले होते. ते तसेच ठेवले.

अठ्ठावीसला पहिल्या बसने निघाले. पिशवीत उरलेली केबल, ब्लेड आणि तुकड्यांची जुडी. दवाखान्यात पोचले तेव्हा टोकनच्या खिडकीला मोठी रांग होती. रांगेत उभी राहिले, पुढे शिरणं बरं दिसलं नसतं. पुढच्या बाईला काका सांगत होते, "आजोबांना बसवा आधी, नंबर मी हाक मारून सांगतो." बारीक आवाजाचे आहेत. मी समजत होते त्याहून तरुण दिसतात. खिडकीतून खाली बघितलं तर पाय खुर्चीखाली दुमडून बसलेले.

माझी पाळी आल्यावर त्यांनी विचारलं, "टोकन कुणासाठी?"

मी म्हटलं, "टोकन नको. सिस्टरांची वहिनी मी. वायर माझी होती, तीच खोटी आहे. तुमच्या पायाचं मी न बघता लिहिलं."

मागे लोक होते. सगळ्यांनी ऐकलं. रस्ताभर मनात म्हटलं होतं की त्यांना बाजूला बोलावून सांगेन. तसं केलं नाही, कारण त्यांना सगळ्यांसमोर उठवलं होतं.

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग वही उघडली, घड्याळ बघितलं आणि मी म्हटलेलं जसंच्या तसं लिहिलं. वही खिडकीतून बाहेर सरकवली. "खाली सही करा," म्हणाले. मी केली. हात आखडला होता, पूर्वी अंगठा उठवायचे तसा. नाव एका ओळीत मावलं नाही. त्यांनी वही परत घेतली, फुंकर मारून शाई वाळवली आणि पुढच्या माणसाला नंबर दिला. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, लोक खोळंबले होते.

समितीसमोर बोलावणं आलं तेव्हा केबल टेबलावर ठेवली आणि खरवडून दाखवली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बघितली, ह्यांच्या लाल तुकड्यांची जुडीही बघितली. मला विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे? मी तारीख सांगितली. खोलीत असलेली बाई, बहुतेक हिशेबाची, माझ्याकडे बघून खिडकीबाहेर बघायला लागली. तुमचं नाव त्यांनी घेतलं. मी म्हटलं, त्यांना मी खोटं लिहिलं होतं. माझं खरं पत्र आल्यानंतरचं तुम्ही सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

ताकीद मागे घेतली. वायर बदलून झाली की काका पुन्हा आपल्या खोलीत बसतील. तोवर दुपारचे रिपोर्ट हाताने वर न्यायचे, असं ठरलं. ह्यापुढे दवाखान्याचं काम आपल्या दुकानाला मिळणार नाही, हेही मला तोंडावर सांगितलं, आणि आजीबाईंच्या मुलाला सगळं कळवणार आहेत. आजीबाईंचा पत्ता मी मागून घेतला. तिकडे जायला अजून पाय उचलत नाही, पण जायचं आहे.

तुम्ही राग धरलात तरी मला चालेल. पत्र मात्र पाठवत जा.

दुसऱ्या दिवशी केबलची नवी खोकी आली. थोरल्या कारागिराला हाक मारून पायरीवर बसवलं. प्रत्येक खोक्यातून बोटभर तुकडा कापला, ब्लेडने खरवडला आणि त्याला विचारलं, आतपर्यंत? तो हो म्हणाला. मीही बघितलं. मग एका लाल तुकड्याला आणि एका पांढऱ्या तुकड्याला चिठ्ठ्या बांधल्या, दोन्हींवर तुमच्या दवाखान्याचं नाव लिहिलं, आणि दारामागच्या खिळ्याला ह्यांच्या तुकड्यांसोबत शेजारी शेजारी अडकवले.

तुमची
वहिनी